पीएलजीएची बाटली पावसात उघडू नये

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असतो आणि माझ्या वाट्याला नॅनोपार्टिकल्स, म्हणजे अतिसूक्ष्म कण, आले. घरी आणि वाड्यावर याचा अर्थ एवढाच पोचला की आमची पोर कॅन्सरवर औषध शोधते. गोव्यात म्हार्दोळला जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेला गेले तर ओळखीच्या एका मावशीने चार बायकांसमोर विचारलंच, "मिळालं काय गो औषध?" आता काय सांगू तिला. औषध जुनंच आहे, डोसेटॅक्सेल, अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेलं, युरोपातल्या यू नावाच्या झाडाच्या पानांतून कच्चा माल काढून त्यावर पुढची केमिस्ट्री करून बनवतात, आणि स्तनाच्या, फुप्फुसाच्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरला कितीतरी वर्षं देतायत. मला फक्त ते ज्याच्यात भरून द्यायचं तो पीएलजीएचा कण बनवायचा होता.

कण कशाला हवा, तर डोसेटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून इंजेक्शनमध्ये ते पॉलिसॉर्बेट ८० आणि अल्कोहोल घालून विरघळवलेलं असतं, आणि काही पेशंटना त्या पॉलिसॉर्बेटचीच रिॲक्शन येते, त्यामुळे आधी स्टेरॉइड देऊन ठेवावं लागतं. शिवाय नसेतून गेलेलं औषध अंगभर फिरतं, केस जातात, पांढऱ्या पेशी खाली येतात, हे ज्यांच्या घरात किमो झालीये त्यांना मी सांगायला नको. औषध एखाद्या कणात कोंडलं, कण हळूहळू तुटत गेला, औषध हळूहळू सुटत गेलं आणि तेही जास्त करून गाठीच्या जवळ, तर बरं होईल, अशी सगळी कल्पना.

तुटणारा कण म्हणजे पीएलजीए. लॅक्टिक ॲसिड आणि ग्लायकॉलिक ॲसिड यांची लांबलचक साखळी, म्हणजे पॉलिमर. पाणी लागलं की साखळीतले एस्टरचे सांधे एकेक करून सुटतात आणि शेवटी ही दोन ॲसिडं उरतात, ती शरीर आपली आपण निकालात काढतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातं. वस्तू काही नवीन नाही हं. आपोआप विरघळणारे टाके म्हणतात ना, व्हिक्रिल, ते याच दोन ॲसिडांचे, आणि प्रोस्टेट कॅन्सरसाठी महिन्यातून एकदा टोचायचं लुप्रॉन डेपो १९८९ पासून पीएलजीएच्याच कणांतून येतं, फक्त ते कण मायक्रोमध्ये असतात, नॅनोत नाही. दोन्ही ॲसिडं निम्मी निम्मी घेतली तर माल सगळ्यात लवकर तुटतो, साधारण एक-दोन महिन्यांत. लॅक्टिक वाढवत गेलात तर वेळ वाढत जातो. मी निम्मं-निम्मंच घेतलं.

म्हणजे थोडक्यात, पाण्याने तुटावं म्हणूनच बनवलेलं मटेरियल. आणि मी ते घेऊन बसले गोव्यात, जून-जुलैमध्ये. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा त्या चार महिन्यांत. मिठाला पाणी सुटतं, पापड डब्यातच सादळतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी. अशा हवेत मुंबईहून आइसपॅकमध्ये पीएलजीए आलं, बोटाएवढी बाटली, आत थोडेसे पांढुरके दाणे, आणि किंमत ऐकून आमच्या लॅब अटेंडंटने ती दोन्ही हातांनी धरली.

पहिला धडा मिळाला तो या बाटलीचा. ती उणे २० ला ठेवायची. लागेल तेव्हा बाहेर काढून झाकण बंद ठेवूनच सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवायची आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत हात लावायचा नाही. थंड बाटली तशीच उघडली की बाहेरची दमट हवा आत शिरते, दाण्यांवर दव धरतं आणि परत फ्रीजरमध्ये ठेवलीत तरी ते पाणी आतच राहतं. मग तुम्ही कण बनवायच्या आधीच पॉलिमर तुटायला लागलेला असतो आणि दिसायला मात्र काही फरक नाही, दाणे तसेच पांढुरके, फक्त पुढे रिलीजचे, म्हणजे औषध किती वेळात किती सुटतं त्याचे, आकडे वेडेवाकडे येतात आणि तुम्ही डोकं धरून बसता. गाइड सरांनी बाटलीवर स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, "पावसात उघडू नये". सगळे हसायचे. पण सर सिरियस होते, त्यांनी एसी आणि डिह्युमिडिफायर चालू असलेल्या बॅलन्स रूममध्ये एकदाच बाटली उघडून माझ्याकडून छोट्या छोट्या व्हायलमध्ये माल वजन करून भरून घेतला, म्हणजे दर वेळी मोठी बाटली काढायची भानगडच नको. हे कुठल्या पेपरात लिहिलेलं नसतं. पेपरात एक ओळ असते, "पॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळवला".

आता प्रत्यक्ष कण बनवणं. हे इतकं सोपं आहे की पहिल्यांदा बघितल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं. पीएलजीए आणि डोसेटॅक्सेल ॲसिटोनमध्ये विरघळवायचं (डोसेटॅक्सेल हाताळताना दोन-दोन ग्लोव्हज आणि हूड, ते पेशी मारणारं औषध आहे, पेशी तुमची की पेशंटची हे ते बघत नाही), खाली बीकरमध्ये पाणी आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून थोडं पोलोक्झॅमर १८८, मॅग्नेटिक स्टररवर गरगर फिरतंय, आणि वरून सिरिंजने थेंब थेंब ॲसिटोन सोडायचं. ॲसिटोन पाण्यात झटकन पसरतं, पीएलजीएला पाणी चालत नाही, तो पळायला जागा नाही म्हणून तिथल्या तिथे बारीक कण होऊन बसतो आणि जाता जाता औषधालाही पोटात घेतो. डेटॉल पाण्यात टाकलं की कसं एकदम दुधाळ होतं, साधारण तसंच, पण इथे पांढरं गच्च व्हायला नको. चांगली बॅच झाली की बीकर उजेडासमोर धरल्यावर निळसर झाक दिसते, जरा धुरकट, त्या निळसरपणाची नजरेला सवय झाली की मशीनवर टाकायच्या आधीच कळतं साइज कुठे आहे ते. दुधासारखं पांढरं झालं की समजायचं कण मोठे झालेत, आणि तळाशी किंवा स्टररच्या मॅग्नेटला चिकट गोळा आला की पॉलिमर वाया. थेंब टाकायचं काम पाच-दहा मिनिटांचं. मग ॲसिटोन उडून जाण्यासाठी रात्रभर हूडमध्ये उघडं फिरत ठेवायचं.

पोलोक्झॅमरच्या आधी त्याच कामासाठी आम्ही पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) वापरून बघितलं होतं. पीव्हीए गरम पाण्यात तासन् तास ढवळा, फेस काढा, गाळा, एवढं करून ते कणांवर असं बसतं की कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. मला ते आवडलं नाही. काही लोक त्याचीच शपथ घेतात, घेवोत बापडे.

साइज मोजायचं मशीन आमच्याकडे नव्हतं, दुसऱ्या एका संस्थेत जाऊन मोजायचे. सॅम्पल थंड न्यायचं म्हणून थर्माकोलचा डबा, आत आइसपॅक, वरून टेप, आणि तो मांडीवर घेऊन कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये. गोव्यात थर्माकोलचा डबा घेऊन बसमध्ये बसलात तर त्यात नुस्तं, म्हणजे मासेच, असणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. कंडक्टर विचारायचा, "कितें गो, विसवण?" पहिल्यांदा मी सगळं समजावून सांगायला गेले, नॅनो वगैरे, शेजारच्या सीटवरचे काका तोंडाकडे बघत राहिले. नंतर नंतर मी सरळ "बांगडे" म्हणायला लागले.

मशीनमध्ये लेझर मारून कण किती जोरात थरथरतायत त्यावरून साइज काढतात, लहान कण जास्त थरथरतो. मला साधारण १६० नॅनोमीटरच्या आसपास मिळत होते आणि पीडीआय ०.२ च्या खाली, म्हणजे सगळे कण बऱ्यापैकी एकसारखे. २०० च्या खालीच का, तर त्याच्यावर गेलं की प्लीहा त्यांना रक्तातून गाळून घ्यायला बघते, आणि दुसरं म्हणजे इंजेक्शन निर्जंतुक करायला ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढतात, कण त्याहून मोठा असेल तर तुमचं अख्खं औषध फिल्टरवरच राहील. फार लहान, पाच-सहा नॅनोमीटरचे, तेही नकोत, किडनी लगेच बाहेर टाकते.

इथपर्यंत खुशी होती. मग एन्ट्रॅपमेंट, म्हणजे कणात औषध किती कोंडलं गेलं, ते काढलं. कण सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायचे, फोडायचे आणि आत औषध किती ते एचपीएलसी या औषध वेगळं करून मोजणाऱ्या मशीनवर, २३० नॅनोमीटरच्या प्रकाशात बघायचं. घातलेल्या औषधातलं बरंचसं आत गेलं होतं, पण कणाच्या एकूण वजनात औषध बघाल तर जेमतेम काही टक्के, बाकी सगळा पॉलिमर. जास्त औषध घालून बघितलं तर जास्तीचं आत जातच नाही, बाहेर सुईसारखे क्रिस्टल पडतात. म्हणजे पेशंटला पुरेसा डोस द्यायचा तर त्याच्या कितीतरी पट पॉलिमर टोचायचा. हा मुद्दा जाहिरातीसारख्या लेखांमध्ये कुणी काढत नाही.

आणि रिलीज! डायलिसिस बॅगमध्ये, म्हणजे सुटं औषध बाहेर जाऊ देणाऱ्या पण कण अडवणाऱ्या पिशवीत, कण भरून दोन्ही तोंडं क्लिपने बंद करून ३७ डिग्रीच्या बफरमध्ये (पीएच ठरावीक ठेवणाऱ्या द्रावणात) सोडायचे, बफरमध्ये थोडं ट्वीन ८०, म्हणजे तेच पॉलिसॉर्बेट ८०, घालायचं नाहीतर सुटलेलं औषध विरघळणारच नाही, आणि ठरलेल्या वेळेला थोडं बफर काढून तेवढंच ताजं घालायचं. अर्धा तास, एक, दोन, चार, आठ, बारा, चोवीस. रात्रीच्या सॅम्पलसाठी मी आणि मैत्रीण लॅबमध्येच थांबायचो, वॉचमनला सांगून, उंडे (गोव्याचे पाव) आणि पातळ भाजी आणून ठेवायची, बाहेर धो धो पाऊस, आणि बारा तासांच्या सॅम्पलला निघालेला आकडा बघून भूकच मेलेली. औषध हळूहळू सुटावं म्हणून सगळा खटाटोप आणि सुरुवातीच्या काही तासांतच एवढं मोठं औषध बाहेर. याला बर्स्ट म्हणतात. कणाच्या पोटात खोलवर असलेलं औषध हळू येतं, पण पृष्ठभागाला नुसतं चिकटलेलं असतं ते पाणी बघताच निघतं. ते कमी करायला बरंच काय काय केलं, पॉलिमरचं प्रमाण बदललं, कण जास्त वेळा धुतले, लांब साखळीचं पीएलजीए घेतलं. कमी झालं, गेलं नाही. कुणाचंच पूर्ण जात नाही बहुतेक.

बफर दोन ठेवले होते, ७.४ पीएचचा रक्तासारखा आणि ५.५ चा, कारण पेशी कणाला गिळते तेव्हा तो ज्या पिशवीत जातो तिथे ॲसिड असतं. ५.५ मध्ये थोडं लवकर सुटलं. थोडंच.

आता कणाला फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिड, लावण्याबद्दल. काही कॅन्सरच्या पेशींवर, विशेषतः बऱ्याच अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये, फोलिक ॲसिड पकडणारे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे हातच, खूप जास्त असतात. मग कणाच्या अंगावर फोलिक ॲसिड लावलं की पेशी त्याला आपलं समजून आत ओढते. त्यासाठी पीएलजीएच्या टोकाला पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात रमणारी साखळी) आणि पीईजीच्या टोकाला फोलिक ॲसिड असं जोडायचं. आणि इथेही परत पाणीच आडवं! जोडणीसाठी ॲसिडचं टोक आधी ईडीसी आणि एनएचएस ही दोन रसायनं घालून जागं करतात, ते जागं झालेलं टोक ओलाव्याने परत झोपतं, ईडीसीची बाटलीसुद्धा दमट हवेत खराब होते. सॉल्व्हंट कोरडं, काचेची भांडी ओव्हनमधून काढलेली, वर नायट्रोजन, असं सगळं करून खिडकीच्या पलीकडे आभाळ फाटलेलं.

फोलिक ॲसिड पिवळंधमक असतं. रिॲक्शन झाल्यावर माल पिवळा दिसला की वाटतं, जमलं. पण न जोडलेलं फोलिक ॲसिडही पिवळंच की. म्हणून डायलिसिस, पाणी किंचित अल्कलीकडे ठेवून, म्हणजे सुटं फोलिक ॲसिड विरघळून बाहेर येतं. बीकरमधलं पाणी पिवळं व्हायचं, ओतून नवीन घालायचं, परत पिवळं, परत नवीन, पाणी स्वच्छ राहायला लागलं तेव्हा बॅगेत जो फिकट पिवळेपणा शिल्लक राहिला तेवढंच खरं. तो एनएमआरला, म्हणजे रेणूत काय काय जोडलंय ते दाखवणाऱ्या तपासणीला, पाठवला, आलेखावर ६ ते ९ च्या मधे फोलिक ॲसिडचे बारके बारके पीक आले. बारके, पण आले. सरांनी चहा मागवला.

पेशींवरचं काम दुसऱ्या लॅबमध्ये एका पीएचडी करणाऱ्या ताईच्या हाताखाली केलं, पेशी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून, एनसीसीएसमधून, आणलेल्या. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रावण, कुठलं घेणार? मला वाटलं नेहमीचं. तर म्हणे नेहमीच्या आरपीएमआयमध्ये लिटरला १ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड आधीच असतं, पेशींचे रिसेप्टर त्यानेच भरलेले असणार, तुझ्या कणाला कोण विचारतंय. म्हणून फोलेट नसलेलं मीडियम मागवलं, परत थांबणं आलं. हेला (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) पेशींवर रिसेप्टर भरपूर, ए५४९ (फुप्फुसाच्या कॅन्सरच्या) पेशींवर फार कमी, म्हणून दोन्ही घेतल्या. एमटीटीची, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून सांगणाऱ्या चाचणीची, प्लेट बघायला मला फार आवडायची, जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत, त्यामुळे औषध वाढत जाईल तशी ओळीत जांभळा रंग फिका होत जातो, मशीनच्या आधी डोळ्यालाच उत्तर. हेलामध्ये फोलेटवाले कण साध्या कणांपेक्षा जास्त चालले, ए५४९ मध्ये फरक नाही, आणि हेलाच्या मीडियममध्ये मुद्दाम सुटं फोलिक ॲसिड घातल्यावर तो फायदा गळून पडला. म्हणजे कण रिसेप्टरमधूनच आत जात होते. माझ्या मते अख्ख्या थीसिसमधला सगळ्यात भक्कम पुरावा हा, आणि तो त्या ताईच्या प्रश्नामुळे मिळाला.

पण प्लेटमध्ये कणाला कुठे जायचंच नसतं, पेशी समोरच बसलेल्या. माणसाच्या अंगात तसं नाही. रक्तात शिरल्या शिरल्या कणावर प्रथिनं बसतात, लिव्हर आणि प्लीहा त्यांना उचलतात, पीईजीमुळे थोडा वेळ मिळतो एवढंच. कण गाठीचा शोध वगैरे घेत नाही, रक्त नेईल तिकडे जातो. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात म्हणून तिथे कण जास्त साचतात हे माएदा आणि मात्सुमुरा यांनी १९८६ मध्ये मांडलं, सगळं क्षेत्र त्याच्यावर उभं राहिलं, आणि मग २०१६ मध्ये कुणीतरी दहा वर्षांचे पेपर एकत्र करून हिशोब केला तर टोचलेल्या डोसपैकी गाठीपर्यंत पोचणारा भाग निघाला ०.७ टक्के, मीडियन. तेही बहुतेक उंदरांमध्ये. फोलेटचा उपयोग कण तिथे पोचल्यानंतर, आत शिरताना. त्याच वर्षी डोसेटॅक्सेल भरलेल्या, तुटणाऱ्या पॉलिमरच्या, प्रोस्टेटच्या पेशींवरचा रिसेप्टर धरणाऱ्या बाइंड-०१४ या कणाच्या अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, म्हणजे माझाच प्रोजेक्ट समजा, फक्त माणसांवर चाचण्यांपर्यंत गेलेला. हे वाचल्यावर एक आठवडाभर मला लॅबमध्ये जावंसंच वाटेना. सर म्हणाले, दक्षिण कोरियात पॉलिमरचे मायसेल (बारीक गोळे) वापरून पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेलचंच भावंड, २००७ पासून बाजारात आहे, तेही बघ की जरा. ते खरंय. तिथे टार्गेटिंगची रिसेप्टरवाली करामत नाही, फक्त त्रास देणारं जुनं सॉल्व्हंट काढून टाकलं, आणि मला आता वाटतं खरी कमाई तेवढ्यातच जास्त आहे. व्हायवाला मी तसं बोललेही, एक्स्टर्नलनी मान हलवली, पटलं म्हणून की वेळ झाली म्हणून देव जाणे.

शेवटची कटकट फ्रीज ड्रायरची. कण पाण्यात ठेवले तर तुटत राहणार, म्हणून गोठवून पाणी उडवायचं, ट्रेहॅलोज घालून म्हणजे कण एकमेकांना चिकटत नाहीत. चांगलं सुकलं की व्हायलमध्ये पांढरी भुसभुशीत वडी दिसते, पाणी घालून हलवलं की क्षणात परत निळसर. पण मशीन दीड-दोन दिवस सलग चालावं लागतं आणि पावसाळ्यात लाईट सलग राहणं म्हणजे नशीब. एकदा पहाटे लाईट गेली, व्हॅक्यूम सुटला, सकाळी बघतो तर व्हायलच्या तळाला चिकट पापुद्रा, पाणी घातलं तर गुठळ्या. पुढची बॅच जानेवारीत केली, कोरडी हवा, एकाच दमात झाली.

त्याच बॅचचे व्हायल स्टॅबिलिटीला लावले. २ ते ८ डिग्रीला कोरडे ठेवलेले तीन महिन्यांनी जवळजवळ जसेच्या तसे. ४० डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रतेतले मात्र पाण्यात नीट सुटेचनात, साइज कितीतरी पटीने वाढलेली, कारण पीएलजीए ४५-५० डिग्रीला मऊ पडायला लागतो आणि ओलावा शिरला की त्याच्याही खाली. ७५ टक्के म्हणजे आमच्या फोंड्याला जुलैतली बरी दुपार. आता हा प्रोजेक्ट पुढे नेणारी ज्युनियर आलीये, तिला सांगून ठेवलंय की सुकवायचं काम मेच्या आत उरक, पावसात रीडिंग आणि लिखाण कर, ईडीसीची बाटली नवीन मागव आणि बसमध्ये कुणी विचारलं तर बांगडे.